एक हात बाहीत

१२ जानेवारी, चोफू

चिहारू,

पत्राच्या सुरुवातीला थंडीबद्दल दोन ओळी लिहायची आपल्याकडे रीत आहे. चोफूची थंडी तुला पाठ आहे, आणि फुकुओकात ती कशी असते हे जाणून घ्यायची मला हौस नाही. तेव्हा कामाचं लिहितो.

टोकांना रेशमी धागा गुंडाळलेला तो वाकडा चिमटा कुठे ठेवलास? मी सगळे खण उलथेपालथे केले. तू जाताना तुझी हत्यारं नेलीस, ती तुझीच होती, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण तो चिमटा बाहुल्यांच्या कपड्यांसाठी केलेला होता आणि तिथे कॉम्प्युटरवर राक्षस हलवताना तुला त्याचा काही उपयोग नाही.

सिनेमा संपत आलाय. शेवटचा एकच प्रसंग उरला आहे. तोच, म्हातारी नवऱ्याचा कापूस भरलेला डगला खुंटीवरून काढून स्वतःच्या अंगात घालते तो. बाकी सगळं झालं, तिचा मुळ्याचा मळा, बसची वाट बघणं, खिडकीतला बर्फ. मी एकट्याने केलं. नुसतं सांगतोय.

डगला तुझ्या काकूने, फुमिएने शिवला, तिच्या आईच्या किमोनोच्या अस्तरातून. कापड इतकं जुनं आहे की बोट लागलं तरी विरतं, आणि दुसरा शिवायला तुकडा उरलेला नाही. त्यामुळे हा प्रसंग एकदाच करता येणार, पहिल्या चित्रापासून शेवटच्या चित्रापर्यंत, मध्ये काहीही न बिघडवता. बाहुली केसभर हलवायची, फोटो काढायचा, पुन्हा केसभर हलवायची. तुला शिकवायची गरज नाही.

घाई अशी की हिगुचींनी स्टुडिओची जागा विकली. मार्चअखेर रिकामी करून द्यायची आहे. म्हातारीचं घर जमिनीत बोल्टने पक्कं केलेलं आहे, ते काही उचलून दुसरीकडे नेता येत नाही. पण तोवर माझं काम केव्हाच झालेलं असेल.

"तिला तिथे जेवायला काय मिळतं ते विचारा," असं फुमिए म्हणते. विचारलं.

तेत्सुरो इसोगाई


२७ जानेवारी

चिहारू,

चिमटा पोचला. पाकिटात एक अक्षर नव्हतं. मी पाकीट उलटं करून झटकलं, तेव्हा फुमिए म्हणाली, "अहो, असं झटकून माणूस बाहेर पडत नाही." तिला हल्ली विनोद सुचतात.

शेवटचा प्रसंग सुरू केला. पहिले काही दिवस फार चांगले गेले. दाराच्या कडीला लाल फडकं बांधलं, म्हणजे आत प्रसंग उभा आहे, कोणी बोलायचं नाही, कडी वाजवायची नाही. हीटर बंद. गरम हवेने कापड हलतं, म्हणून मी आत कोट घालून आणि बाह्या दोरीने बांधून काम करतो. म्हातारीने डगला खुंटीवरून काढला, छातीशी धरला. मग उजवा हात बाहीत घातला. बाहीतून बोटं बाहेर आली तेव्हा मला वाटलं की इतकं चांगलं काम मी आयुष्यात केलेलं नाही. हे मी दुसऱ्या कोणाला लिहिलं नसतं.

आणि परवा सकाळी भूकंप झाला. फार मोठा नव्हता, कपाटातल्या बश्या वाजल्या इतकाच. पण तिचा मोकळा हात हलला. मी तो परत जागेवर आणला, पण पडद्यावर पाहिलं तर थरथर दिसते. आपल्या धंद्यात जमिनीवर खटला भरता येत नाही.

मी सांभाळून घेईन. तुला कळावं म्हणून लिहिलं, बोलावत नाही.

इसोगाई


९ फेब्रुवारी

चिहारू,

पुन्हा भूकंप. यंदा जमिनीला काय झालंय कोण जाणे. मी तिच्या मनगटाला चिमटा लावायला आणि हादरा बसायला एकच गाठ पडली. आता चांगली बरीच चित्रं थरथरीची झाली आहेत.

म्हातारी आज कशी उभी आहे ते सांगतो. उजवा हात बाहीत, डगला एका खांद्यावर लटकलेला, आणि डावा हात मागे, हवेत, दुसरी बाही शोधत असलेला. तिला तसंच सोडून मी रोज स्टुडिओला कुलूप लावतो आणि घरी जाऊन भात खातो. घास उतरत नाही. कोणालाही इतके दिवस असं उभं ठेवू नये.

तिसऱ्या तारखेला, हिवाळा संपायच्या सणाला, फुमिएने नेहमीप्रमाणे घरभर भाजलेले सोयाबीन फेकले, भुतं बाहेर, लक्ष्मी आत. मग ती मूठभर घेऊन स्टुडिओच्या दाराशी आली. मी म्हटलं, इथे एक दाणा जरी आत गेला तर तुला बाहेर काढीन. ती म्हणाली, "इथलं भूत दाण्यांनी जाणारं नाही, ते पेन्शन घेतं." फडकं बघून हे सगळं ती कुजबुजत म्हणाली, एवढा धाक अजून आहे.

तू दोन दिवस आलीस तर बरं होईल. तुझी मदत लागते असं नाही. भूकंपाने बिघडलेलं काम सावरायला दोघं असलेली बरी, एकाने धरायचं, एकाने हलवायचं. येण्याजाण्याची सोय मी करीन. फुमिए तुझं अंथरूण उन्हात घालते आहे, मी तिला थांबवलेलं नाही.

इसोगाई


१८ फेब्रुवारी

चिहारू,

तुझं कार्ड मिळालं. फुमिएने मला ते मोठ्याने वाचून दाखवलं, मी नको म्हणत असताना.

"मास्तर, तुम्ही लिहिलेल्या दोन्ही दिवशी चोफूत भूकंपाची नोंद नाही. अगदी लहानसाही नाही. तुम्ही बरे आहात ना?"

म्हणजे आता तू माझी उलटतपासणी घेणार. या देशात म्हाताऱ्याने भूकंप झाला म्हटलं की पोरं हवामान खात्याचं पान उघडून बसतात. एवढीशी पाल चुकचुकली तरी त्यांच्या पानावर वेळेसकट नोंद असते. मला हे माहीत नाही असं तुला वाटलं का? लिहिताना सुचलं नाही, एवढंच.

भूकंप नसेल तर ट्रक गेला असेल. पलीकडच्या जागेचं पाडकाम सुरू आहे.

हे मी फुमिएला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "ट्रक? आपल्या गल्लीत? तिथे सायकल आडवी लावली तर मांजराला वळसा घालावा लागतो." मग तिने मुळ्याचं लोणचं माझ्या ताटलीत वाढलं, बारीक तुकडे करून. ते तुकडे ती हल्ली नेहमीच करते. मला ते का करावे लागतात, हे आम्ही दोघं बोलत नाही.

तू दोन वर्षांपूर्वी गेलीस ती एका काठीवरून. म्हातारी बर्फातून चालताना पडू नये म्हणून तिच्या पाठीला आधाराची काठी लावायची आणि मग ती कॉम्प्युटरवर पुसायची, असं तुझं म्हणणं. मी म्हटलं, हे खोटं आहे. तू म्हणालीस, "मास्तर, पुसल्यावर काठी कोणाला दिसते?" मी म्हटलं, मला दिसते. तू हत्यारं आवरलीस. तेव्हा मी बरोबर होतो, आणि मला आजही तसंच वाटतं. पण खोट्याबद्दल मी तुला सुनावलं होतं हे आठवून आज जेवण गेलं नाही.

हे पत्र मी टाकणार नव्हतो. फुमिए म्हणते ती टाकेल.

इसोगाई


२ मार्च

चिहारू,

माझा उजवा हात थरथरतो.

मागच्या शरद ऋतूपासून. आधी अंगठा, मग मनगट. डॉक्टरांनी नाव सांगितलं, ते तुला ठाऊक असेल, सगळ्यांना ठाऊक असतं. हा आजार बरा होत नाही, सांभाळायचा असतो, असं ते म्हणाले. मी विचारलं, चिमटा धरता येईल का? ते म्हणाले, जेवताना काड्या सोडा, चमचा वापरा. मी काय काम करतो ते त्यांना समजावून सांगायची माझ्यात ताकद नव्हती.

सकाळी गोळी घेतली की थोडा वेळ हात शांत होतो. त्या वेळात मी काम करायचो. जानेवारीत तो वेळ पुरत होता. मग कमी होत गेला. मला वाटायचं अजून आहे, अजून एक चित्र निघेल, आणि तेवढ्यात चिमट्याचं टोक तिच्या मनगटावर नाचायला लागायचं. भूकंप तो होता. तुला खोटं लिहिलं कारण कागदावर खरं लिहिलं की ते घरात राहायला येतं.

आता रोज सकाळी मी जातो, दिवा लावतो, तिच्यासमोर उभा राहतो. गोळी लागू पडेपर्यंत थांबतो. हात उचलतो आणि खाली घेतो. गेल्या कितीतरी दिवसांत मी तिला स्पर्शसुद्धा केलेला नाही. मला तिची भीती वाटते. ती एक हात बाहीत घालून माझी वाट बघते आणि मी कोट घालून थंडीत उभा राहतो, मग दिवा मालवून घरी येतो. फुमिए विचारते, "झालं का थोडं?" मी म्हणतो, झालं थोडं. तिला माहीत आहे. मला माहीत आहे की तिला माहीत आहे.

महिनाअखेर माणसं येतील आणि बोल्ट काढतील. म्हातारी अर्धी डगल्यात, अर्धी उघडी, अशी खोक्यात जाईल. मंदिरात बाहुल्यांचं शांतवन करून त्यांना अग्नी देतात, तिथे नेऊ म्हणते फुमिए. मी म्हटलं, अर्ध्या कपड्यांत कोणी कोणाला नेत नाही. मग मी भांडी घासायच्या जागेशी जाऊन रडलो. एवढ्या वर्षांचं काम एका बाहीपाशी अडकलंय, आणि मला मेल्यासारखं वाटतं, याहून वेगळं लिहिता येत नाही.

ये. काठी लाव. दोन काठ्या लाव, कॉम्प्युटरवर पूस, काय वाटेल ते कर, मी चकार शब्द काढणार नाही. फक्त ती थरथरीची चित्रं फेकून दे. उजव्या हाताची बोटं बाहीतून बाहेर येतात ते शेवटचं स्वच्छ चित्र आहे, तिथून पुढे धर. त्यानंतरचं कोणी पाहू नये असं मला वाटतं.

रागावलेली असशील तर रागावलेलीच ये. आल्यावर माझ्याशी बोलली नाहीस तरी चालेल. मी हात टेकले.

तेत्सुरो


२१ मार्च, दाराबाहेरून

चिहारू,

हा कागद मी दाराखालून सरकवतोय, अगदी हळू, वारा लागणार नाही इतका. कडीला लाल फडकं आहे, त्यामुळे बोलता येत नाही. नियम माझाच आहे.

तू परवा आलीस, फुमिएला मिठी मारलीस, मला वाकून नमस्कार केलास आणि म्हणालीस, "मास्तर, एकच अट. काम संपेपर्यंत तुम्ही आत यायचं नाही." माझ्या स्टुडिओत. मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार होतो.

काल मी तुला खुणांसकट तीन पानं लिहिली, मनगट किती वळवायचं, डगल्याची घडी कुठे पडायची. फुमिएने ती काढून घेतली. "काम करू द्या पोरीला. तुम्ही असेच कागद सरकवत राहिलात तर तिच्या पायाखाली सतरंजी होईल." तेव्हा आज सूचना नाहीत.

मी इथे पायपुसण्यावर बसलोय. कॅमेऱ्याचा खटका ऐकतो. एक खटका, मग कितीतरी वेळ काहीच नाही, मग दुसरा. त्या मधल्या वेळात तू काय करतेस ते मला बसल्या जागी कळतं. श्वास रोखतेस, हलवतेस, हात मागे घेतेस, मग श्वास सोडतेस. मीही सोडतो. मधूनच खटका फार लवकर येतो आणि मी मनात म्हणतो, हिने घाई केली. मग खूप उशिरा येतो आणि मला वाटतं, बिघडलं. चिहारू, इथे बसणं फार कठीण आहे. ज्या खोलीत मी इतकी वर्षं उभा राहिलो तिच्या बाहेर बसून मला कळतंय की आत माझी गरज नाही, आणि काम व्हावं असंही वाटतंय, आणि ही दोन्ही वाटणं एकाच छातीत मावत नाहीत.

तू काठी वापरतेस का, हे मी विचारणार नाही. वापरतेस का?

उत्तर देऊ नकोस. फुमिएने भाताचे गोळे केलेत, खारवलेल्या आलुबुखारचे, ताटली दाराशी ठेवली आहे. बाहेर येशील तेव्हा मी इथे नसेन. म्हणजे असेन, पण डोळे मिटून.

तेत्सुरो


४ एप्रिल, घरून

चिहारू,

तू गेलीस तेव्हा मी दवाखान्यात होतो. फुमिए म्हणते, तुझी गाडी त्याच वेळची होती. मला वाटतं तू वेळ साधलीस. तुझ्या जागी मीही साधली असती.

जागा दिली. बोल्ट काढताना मी गेलो नाही. म्हातारी इथे घरी आहे, कपाटावर, डगला अंगात नीट घालून, पुढून ओढून घेतलेला. फुमिए तिच्याशी बोलते. माझ्यापेक्षा जास्त.

तू ठेवलेला प्रसंग मी चार दिवस पाहिला नाही. काल दुपारी फुमिएनेच पडदे ओढले आणि मला बसवलं.

मी जोड शोधत होतो. माझं काम कुठे संपलं आणि तुझं कुठे सुरू झालं, ते मला दिसणारच होतं. पडद्यावर एक केस इकडचा तिकडे झाला तरी मला कळतो, तुला त्याचा किती त्रास झाला ते तू विसरली नसशील. म्हातारीने उजवा हात बाहीत घातला. बोटं बाहेर आली. इथून पुढे तुझं, असं म्हणून मी पुढे सरकलो. आणि तिचा डावा हात थरथरायला लागला.

तू माझी चित्रं फेकली नाहीस. मी स्पष्ट लिहिलं होतं, तरी ठेवलीस. तो माझा हात होता, तुझी काकूही ओळखू शकली. मला इतकी लाज वाटली की मी उठायला लागलो. फुमिएने बाही धरून खाली बसवलं.

मग जोड यायला हवा होता आणि आला नाही. थरथर चालूच राहिली. डावा हात मागे गेला, बाही सापडेना, पुन्हा चाचपली, आणि सगळा वेळ तो थरथरत होता. मी तीनदा मागे नेऊन पाहिलं. कुठेतरी मी थांबलो होतो आणि तू धरलं होतंस, पण कुठे ते मला सापडलं नाही. तू तुझ्या त्या दगडासारख्या स्थिर हाताने, एकेका चित्राला केसभर इकडे, केसभर तिकडे, मुद्दाम थरथर घडवलीस. खटक्यांमध्ये इतका वेळ का जात होता ते मला आत्ता कळलं.

मग हात बाहीत गेला. तिने डगला पुढून ओढला, गळ्याशी धरला. थरथर कमी झाली. अजून कमी झाली. थांबली.

तिला थंडी वाजत होती. एवढंच होतं. इतकी वर्षं मी तिला ओळखतो, त्या गार खोलीत कोट घालून तिच्यासमोर उभा राहिलो, आणि मला हे कधी सुचलं नाही. मी तिच्या अंगावर डगला चढवत होतो, कारण पटकथेत तसं होतं. तू चढवलास कारण तिला हवा होता.

काठी वापरली आहेस की नाही, मला कळलं नाही. असेल तर मला दिसली नाही.

पडद्यावर तिचा हात थांबला तेव्हा फुमिएने माझ्या हाताकडे पाहिलं. तो माझ्या मांडीवर होता, थरथरत. तिने त्याच्यावर आपला हात ठेवला, मग माझा जुना लोकरी कोट आणून माझ्या खांद्यांवर घातला. आम्ही तसे पुष्कळ वेळ बसलो. तो थांबला नाही. थांबणार नाही हे आम्हाला माहीत होतं. तरी ती बघत होती, आणि मीही बघत होतो.

सिनेमा पुरा झाला, चिहारू. तुझं नाव माझ्या नावाशेजारी आहे, मागेपुढे नाही. आता माझ्याकडे बिघडलेलं काही नाही, सावरायचं काही नाही, हरवलेला चिमटा नाही. तुला बोलवायला कारण म्हणून काही उरलेलं नाही.

तरी ये.

तेत्सुरो